नदीपेक्षा सावकाश

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एक होडी असते. नदी सरळ, पाणी सगळीकडे एकाच वेगाने वाहणारे आणि होडीचा वेग पाण्याहून कमी. मग पलीकडे जाताना होडी कमीत कमी वाहवत जावी म्हणून तिचे तोंड किती कोनात धरावे? उत्तर काढून आपण ते परीक्षेनंतर विसरतो आणि त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. ज्यांचे अडते अशी माणसे थोडी. खळाळत्या पाण्यात राफ्ट, म्हणजे हवा भरलेली होडी, वल्हवायला शिकणारे हे त्यांपैकी. त्यांना हाच कोन दर वळणावर, दर खडकापाशी, कागद-पेन्सिलीवाचून आणि दोन-चार सेकंदांत काढावा लागतो.

गोव्यात राफ्टिंग म्हटले की डोळ्यांसमोर येते ती पावसाळ्यातली म्हादई. वाळपईच्या पलीकडे, सत्तरी तालुक्याच्या जंगलपट्ट्यात, जून ते सप्टेंबर या काळात ती राफ्टजोगी असते. तिथे पर्यटकांच्या राफ्टवर सहा-आठ जण कडेच्या फुगीर नळ्यांवर बसून एकेक पॅडल मारतात आणि मागे बसलेला गाइड हुकूम सोडतो. नदीवर अनेक दिवस काढायचे असतील, तंबू, शिधा, भांडीकुंडी सगळे बरोबर असेल, तर मांडणी बदलते. राफ्टच्या मधोमध धातूची चौकट बांधतात, तिच्यावर एकच माणूस बसतो आणि नऊ-दहा फुटांची दोन वल्ही चौकटीच्या दोन बाजूंना अडकवलेली असतात. बाकीची माणसे त्या वेळी सामानातच जमा. या एकट्या माणसाला तयार करणारे काही दिवसांचे अभ्यासक्रम असतात. पहिले काही तास संथ पाण्यात वल्ही हाताळायची, मग छोटे रॅपिड (उतारावरचे खळाळते टप्पे), मग मोठे. संध्याकाळी मुक्कामाला वाळूवर काडीने नदी काढून चर्चा, ही बहुतेक ठिकाणची रीत.

शिकणाऱ्याची कल्पना अशी असते की दंडात ताकद हवी. ती थोडी लागतेच. पण नदीच्या ताकदीशी तिची तुलना केली तर हसू येईल. पुराने फुगलेल्या मध्यम नदीतून सेकंदाला १०० घनमीटर पाणी जाते असे धरू. म्हणजे दर सेकंदाला १०० टन. हे पाणी एका रॅपिडमध्ये फक्त १ मीटर खाली उतरले, तरी त्यातून बाहेर पडणारी शक्ती जवळजवळ १० लाख वॅट भरते. धट्टाकट्टा माणूस तासभर सलग काम करू शकतो ते साधारण १०० वॅटने. एकास दहा हजार! तेव्हा प्रवाहाशी झुंजण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्यावा लागतो. नदीला तुमच्याकडून काही नको आहे, ती तुम्हाला फुकट खाली नेतेच आहे. तुमच्या हातात आहे ते इतकेच की खाली जाताना चार मीटर डावीकडून जायचे की उजवीकडून.

आणि इथे पहिला धक्का बसतो. समोर खडक दिसला की शिकवणारा सांगतो, राफ्टचे तोंड खडकाकडे कर आणि वल्ही मागे ओढ. पुढे नाही, मागे.

ही युक्ती सुचायला माणसांना वेळ लागला आहे. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल नऊ माणसे आणि चार लाकडी होड्या घेऊन अमेरिकेतल्या ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवरून ग्रँड कॅनियनमध्ये उतरला, तेव्हा त्याचे वल्हेकरी समुद्रावर बसतात तसे बसले होते: पाठ जायच्या दिशेला, जोर पुढे जाण्यावर. समोरचा खडक त्यांना दिसतच नसे आणि होडी पाण्यापेक्षाही जास्त वेगाने त्यावर जाऊन पडे. प्रवास संपला तेव्हा दोन होड्या आणि पॉवेल धरून सहा माणसे उरली होती. (एक होडी फुटली, एक सोडून द्यावी लागली, चार माणसे वाटेत सोडून गेली.) पुढे १८९० च्या दशकात नॅथानिएल गॅलोवे नावाच्या एका फासेपारध्याने त्याच नद्यांवर बैठक उलटी केली. तोंड खाली वाहत्या दिशेकडे, म्हणजे धोका डोळ्यांसमोर, आणि वल्ही ओढली की होडी धोक्यापासून मागे सरकते. आज जगभर वल्ह्यांची राफ्ट चालते ती मुळात याच बैठकीवर.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. पाणी सेकंदाला ३ मीटर धावते आहे. खडक चुकवायला राफ्ट ६ मीटर बाजूला न्यायची आहे. वल्हवणारा पाण्याच्या तुलनेत सेकंदाला १ मीटर वेग मिळवतो. त्याने राफ्ट प्रवाहाशी ४५ अंशांत तिरकी करून मागे ओढली, तर बाजूला सरकण्याचा वेग ०.७ मीटर आणि खाली वाहण्याचा वेग ३ वरून २.३ मीटरवर आलेला. ६ मीटर सरकायला साडेआठ सेकंद लागतील आणि तेवढ्यात राफ्ट सुमारे २० मीटर खाली जाईल. आता तोच माणूस तोच ४५ अंशांचा कोन धरून पुढे ढकलू लागला तर? ढकलताना पाय आणि पाठीचे मोठे स्नायू नीट कामाला लागत नाहीत. वेग ०.६ मीटरच मिळाला असे समजू. बाजूला सरकायला १४ सेकंद लागतील आणि खाली वाहण्याचा वेग उलट वाढून ३.४ मीटर होईल. राफ्ट जवळपास ५० मीटर खाली जाऊन मगच खडकाच्या बाजूला होईल. खडक ३० मीटरवर असेल तर पुढचे सांगायला नको.

आता अकरावीची होडी. तिचे उत्तर सांगते की कमीत कमी वाहवत जायचे असेल तर ४५ अंश हा सर्वोत्तम कोन नव्हेच. पाण्याचा वेग होडीच्या तिप्पट असेल तर प्रवाहाच्या रेषेशी सुमारे ७० अंश हवेत. मग राफ्ट २० ऐवजी १७ मीटरच वाहते. पुस्तक बरोबर आहे. तरी शिकवणारे ४५ च्या आसपास राहायला सांगतात आणि तेही बरोबर आहेत, कारण पुस्तकातल्या नदीत लाटा नसतात. ७० अंशांत राफ्ट जवळजवळ आडवी होते, आणि आडव्या राफ्टला एखादी उसळी लाट सहज उलथवते. ४५ अंशांत तीन मीटर जास्त वाहिलात तरी वेग कमी झालेला असतो, विचाराला क्षणभर जास्त मिळतो आणि अंदाज चुकलाच तर नाक चटकन सरळ करता येते. गणिताने दिलेले टोकाचे उत्तर सोडून थोडे अलीकडे थांबायचे, याला मी कारागिरी म्हणेन.

हा कोन गोवेकराने पाहिलेला असतो. मांडवीला (म्हादईचेच खालचे नाव) जोराची ओहोटी असताना रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट पलीकडच्या धक्क्याकडे सरळ नाक करून निघत नाही. नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरते आणि तिरकी तिरकी सरकत बरोबर धक्क्याला लागते. तिच्याकडे इंजिन आहे, म्हणून वाहवत जाण्याचे गणित ती शून्यावर आणू शकते. राफ्टवाल्याला तेवढी चैन नाही.

दुसरी अडचण वजनाची. माणसे आणि सामान धरून अशी राफ्ट एक टनाच्या घरात जाते. वल्ह्याचा साधारण एकतृतीयांश भाग चौकटीच्या आत आणि दोनतृतीयांश बाहेर असतो, म्हणजे हाताने ३० किलोचा जोर लावला तर पात्याशी त्याचा निम्माच पोचतो. बदल्यात पाते लांबवर फिरते. दोन्ही हातांचे मिळून पाण्यावर ३० किलोचा जोर. एवढ्या जोराने एक टनाची वस्तू स्थिर स्थितीतून सेकंदाला १ मीटर वेगावर आणायला तीन सेकंदांहून जास्त लागतात, तेही पाण्याचा विरोध धरला नाही तर. त्यामुळे वरच्या २० मीटरांत आणखी काही मीटर मिळवावे लागतात. नवखा वल्हेकरी उशीर करतो तो इथे. खडक जवळ आल्यावर तो जिवाच्या आकांताने ओढतो, पण ओढ अंगात भिनेपर्यंत राफ्ट खडकावर. मुरलेला माणूस मात्र खूप आधी, अजून काही घडलेलेच नसताना, दोन सावकाश हात मारतो आणि मग नुसता बसून राहतो. काठावरून पाहणाऱ्याला वाटते, याचे नशीब चांगले.

राफ्ट सरकवणे असे जड असले तरी जागच्या जागी फिरवणे हलके असते. एक वल्हे ओढले आणि दुसरे ढकलले की ती पटकन गरकन फिरते, कारण वल्ही चौकटीपासून लांब असल्याने फिरवण्याचा जोर चांगला मिळतो आणि वजन बरेचसे मधोमध असते. म्हणून क्रम असा शिकवतात: आधी कोन, मग जोर. कोन चुकला असेल तर कितीही ओढा, तुम्ही फक्त चुकीच्या जागी लवकर पोचाल.

पण कोन कशाशी धरायचा? काठाशी नव्हे, प्रवाहाशी. वळणावर या दोन दिशा वेगळ्या असतात, आणि हे डोळ्यांना पटायला काही दिवस जातात. वळणावर पृष्ठभागाचे पाणी बाहेरच्या काठाकडे रेटले जाते आणि तळाचे पाणी आतल्या काठाकडे येते. त्यामुळेच वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साठते आणि बाहेरचा काठ कोरला जातो. राफ्ट तरंगते पृष्ठभागावर, तेव्हा तिला बाहेरचा काठ आपोआप मिळतो. सत्तरीसारख्या ठिकाणी त्या कोरलेल्या काठावर बांबूची बेटे आणि मुळे उघडी पडलेली झाडे ओणवलेली असतात. पाण्यात आडवे पडलेले झाड खडकापेक्षा वाईट. खडकाला आपटून पाणी बाजूला वळते आणि थोडेफार तुम्हालाही वळवते. झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जाते, माणूस जात नाही. म्हणून वळणाच्या आधीच राफ्टची पाठ आतल्या काठाकडे करून ओढायला लागायचे.

पाणी वाचणे हा या शिक्षणातला मला सर्वांत आवडणारा भाग. गोव्यात वाढलेल्या माणसाला लाट समुद्राची ठाऊक असते. मिरामारला दिसणारी लाट लांबून धावत येते, पण तिच्यातले पाणी फारसे कुठे जात नाही; खोल पाण्यात तरंगणारा नारळ लाटेबरोबर वर-खाली, थोडा पुढे-मागे होतो आणि जवळपास तिथेच राहतो. नदीतल्या रॅपिडमध्ये बरोबर उलटे: पाणी धावते आणि लाट जागच्या जागी उभी असते. खरे तर तीही धावतेच आहे, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, आणि तिचा वेग नेमका पाण्याच्या वेगाइतका असल्यामुळे आपल्याला थांबलेली दिसते. यातून एक गमतीचे मोजमाप निघते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. म्हणून पाणी पुरेसे खोल असेल तर पुलावर उभे राहून दोन शिखरांमधले अंतर नजरेने मोजावे आणि प्रवाहाचा वेग सांगावा: ४ मीटर अंतर असेल तर सेकंदाला सुमारे २.५ मीटर, ६ मीटर असेल तर ३ च्या जरा वर, १० मीटर असेल तर ४ च्या आसपास. एकही उपकरण न वापरता.

एकामागून एक, मऊ पाठीच्या अशा लाटा दिसल्या तर आनंदाने जावे. तिथे पाणी खोल असते. खडकांमधून गुळगुळीत पाण्याची जीभ निघते आणि तिचे टोक खाली वाहत्या दिशेला असते, तीही वाटच. टोक वर, तुमच्याकडे असेल तर त्या टोकावर खडक बसलेला आहे असे समजावे. आणि एखाद्या जागी आडवी रेघ दिसते, रेघेपलीकडे फक्त तुषार उडताना दिसतात, तिथे काठाला लागून चालत जाऊन पाहावे.

त्या रेघेपलीकडे बहुधा असते ते असे. खडकाच्या कडेवरून पाणी पातळ थराने आणि फार वेगाने घसरते. उथळ पाण्यातली लाट खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धावते. १ मीटर खोलीला सेकंदाला सुमारे ३.१ मीटर. घसरणारे पाणी याहून वेगवान असेल तर कोणतीच लाट त्याच्याविरुद्ध वर चढू शकत नाही. खाली संथ, खोल पाणी भेटले की ही शर्यत एकदम संपते. पाणी अचानक उंच होते, उसळते, आणि वरचा थर उलटा, वरच्या दिशेने कोसळत राहतो. अभियंते याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. इटलीतल्या जॉर्जिओ बिदोने याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे पद्धतशीर प्रयोग केले. राफ्टवाले त्याला होल म्हणतात. त्यातले पाणी पांढरे दिसते ते हवेच्या बुडबुड्यांमुळे, आणि त्या हवेची किंमत दोनदा मोजावी लागते. तीस टक्के हवा मिसळली तर पाण्याची घनता तेवढीच घटते. तरंगणारी वस्तू खोल बसते आणि वल्ह्याच्या पात्याला पकड मिळत नाही. मागे ओढण्याचा सगळा उपदेश इथे मात्र गुंडाळून ठेवायचा असतो. होल टाळता आला नाही तर नाक सरळ धरून, पुढे जोर लावून, असेल तेवढ्या वेगाने त्यातून आरपार जायचे. सावकाश आणि तिरके गेलात तर तो तुम्हाला ठेवून घेतो.

नैसर्गिक होल वेडावाकडा असतो, कुठेतरी कडेला पाण्याला बाहेर पडायला फट असते आणि अडकलेला माणूस तिथून निसटतो. माणसाने बांधलेला सरळ, एकसारख्या उंचीचा बंधारा या बाबतीत घातक. गोव्यातल्या नद्यांवर वसंत बंधारे बरेच आहेत. पावसाळ्यानंतर फळ्या घालून पाणी अडवतात आणि पावसाआधी काढतात. अशा बांधकामावरून पुराचे पाणी वाहू लागले की काठापासून काठापर्यंत एकसंध उलटे फिरणारे पाणी तयार होऊ शकते, फट कुठेच नाही. दिसायला ते रॅपिडपेक्षा सोज्वळ असते, आवाजही कमी. राफ्ट असो, होडी असो की पोहणे, त्याच्या जवळ जायचे नाही.

थांबायची जागा नदीच देते. मोठ्या खडकामागे पाण्याची पातळी किंचित खाली असते आणि तिथे पाणी उलटे, खडकाकडे वाहते. ही एडी. तिच्यात शिरले की खळाळाच्या मधोमध शांतपणे बसून पुढचा टप्पा बघता येतो. पण एडी आणि मुख्य प्रवाह यांच्या सीमेवर दोन विरुद्ध दिशांचे पाणी घासत असते. राफ्टचे नाक एकात आणि पाठ दुसऱ्यात गेली की ती आपोआप फिरते. सराव झालेला माणूस हे फिरणे फुकट मिळालेली मदत म्हणून वापरतो. राफ्ट खडकावर आडवी आदळली तर मात्र वेगळी घाई करावी लागते: वरच्या बाजूची नळी पाण्याखाली दबायच्या आत सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेप घ्यायची. मन सांगते खडकापासून दूर पळ. ते ऐकले तर त्याच वजनाने वरची नळी बुडते. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या पाण्यापुढे एक चौरस मीटर आडवे धरले तर त्यावर साडेचारशे किलोहून कमी जोर येत नाही. खडकाला गुंडाळली गेलेली राफ्ट सोडवायला दोरखंड आणि कप्प्या लागतात त्या यासाठी.

म्हादईवर या सगळ्याला आणखी एक पदर आहे. वाळपईला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. खोरे लहान, सह्याद्रीचा उतार तीव्र. घाटमाथ्यावर सर कोसळली की काही तासांत पातळी बदलते, सत्तरीत ऊन असले तरी. हिमालयातल्या बर्फाच्या नद्या उन्हाळ्यात दुपारी-संध्याकाळी चढतात आणि पहाटे उतरतात, त्यांना निदान वेळापत्रक असते. इथे ते नाही. पाणी चढले की कालचा होल आज मऊ लाट झालेला असतो, काल सोपा असलेला काठ झाडांत शिरलेला असतो. रॅपिडची काठिण्यपातळी एक ते सहा आकड्यांत सांगतात. म्हादईचे रॅपिड दोन-तीनचे. पण हा आकडा त्या दिवसाच्या पाण्याचा असतो. खाली गांजे गावापर्यंत, मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, समुद्राची भरती पोचते आणि मग तीच नदी फेरीबोटींची होते.

पाण्यात पडायचेही शिकवतात, तेही मुद्दाम, पहिल्या दिवसांतच. माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचे, त्यामुळे डोके वर ठेवायला फार उचल लागत नाही. लाइफ जॅकेटची ७ ते १० किलोंची उचल पुरते, पण पट्टे घट्ट असले तरच. उताणे व्हायचे, पाय खाली वाहत्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे, म्हणजे खडक आला तर पायाने झेलता येतो. उभे राहायचे नाही. पाणी गुडघाभर असले तरी वाहत्या पाण्यात पाऊल दोन दगडांत अडकले की मागचा रेटा माणसाला पुढे वाकवतो, आणि वाकलेल्याला परत सरळ होता येत नाही. पोहता येणाऱ्यांना हे शिकवणे जास्त कठीण जाते, असे शिकवणारे सांगतात: तळ लागला की उभे राहायचे, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. ती मोडावी लागते, आणि मग पाणी गुडघ्याच्याही खाली आले, हात तळाला टेकू लागले, की मगच उठायचे, तेही शक्यतो एडीत.